चूक चालकाची, हप्ता गाडीचा

दुचाकीचा विमा उतरविण्यास गेलेल्या माणसाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत त्या माणसाविषयी फारसे काही नसते. गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या वर्षाची, इंजिन किती सीसीचे, चासी क्रमांक काय, एवढे समजले की काम भागते. ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात त्या सक्तीच्या विम्याचा हप्ता तर गाडीच्या प्रकारावर आणि इंजिनाच्या क्षमतेवरच ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीस वर्षाला ७१४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीस ३४१६ रुपये असा आकडा होता. राजारामपुरीतून रोज शाळेला जाणारी आणि प्रत्येक सिग्नलला थांबणारी शिक्षिका, व दसरा चौकातला तांबडा दिवा म्हणजे अधिक वेगाने निघून जाण्याची सूचना असे समजणारा तरुण, या दोघांनाही तोच आकडा. विम्याच्या लेखी त्यांच्यात अंतर नाही. वस्तुतः विम्याच्या वहीत ती दोघे नसतातच. तेथे असतात त्या दोन गाड्या.

यावर सुचणारा उपाय उघड आहे. जो नियम मोडतो त्याच्याकडून हप्ता अधिक घ्यावा, जो पाळतो त्याला सवलत द्यावी. ही मागणी नवी नाही, आणि तिच्यात न्यायही आहे. तथापि ज्या रीतीने ती आपल्याकडे पुढे आली त्या रीतीने अंमलात आली, तर तिचा भार ज्याच्यावर पडावयास हवा त्याच्यावर न पडता भलत्याच माणसावर पडेल, आणि अखेर रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या तिसऱ्याच माणसाला तिची किंमत मोजावी लागेल, अशी भीती वाटते.

आधी नोंदीचा प्रश्न घेऊ. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखालचा जुना परवाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते लहानसे पुस्तक आठवत असेल. त्यात शेऱ्यांसाठी कोरी पाने असत. चालकास अपात्र ठरविले, तर त्या आदेशाची आणि ज्या गुन्ह्यासाठी तो झाला त्या गुन्ह्याची नोंद परवान्यावर करावी, अशी तरतूद होती. १९८८ च्या कायद्याच्या कलम २४ मध्येही ती आहे. पुढच्या कलमात एक उदार योजना आहे. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर जुना परवाना परत करून कोरा परवाना मागण्याचा हक्क चालकास आहे, आणि शेरा केवळ वेगमर्यादेचा असेल तर एक वर्षच पुरेसे आहे. माणूस चुकतो, चुकीची नोंद व्हावी, आणि तो सुधारला तर ती पुसलीही जावी, असा या कलमांमागचा विचार दिसतो. आपले बहुतेक जुने परवाने मात्र शेऱ्यांची पाने कोरी घेऊनच जीर्ण झाले. त्यावरून आपण फार शिस्तीचे चालक होतो असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता परवाना हे पुस्तक राहिलेले नाही, ते एक कार्ड आहे. परवान्यांची माहिती ‘सारथी’ या संगणक प्रणालीत आणि गाड्यांची ‘वाहन’ या प्रणालीत राहते. चौकातला कॅमेरा जो गुन्हा टिपतो तो क्रमांकाच्या पाटीवरून टिपतो, आणि त्याचे ई-चलन गाडीच्या नोंदणीधारकाकडे जाते. कॅमेऱ्याला हेल्मेटखालचा चेहरा ओळखता येत नाही. गाडी वडिलांच्या नावावर, चालविणारा मुलगा. गाडी दुकानाच्या मालकाची, चालविणारा नोकर. गाडी विकली, पण नाव बदलावयाचे राहिले, आणि चालविणारा तिसराच. या सर्व प्रसंगी दंड नोंदणीधारकाच्या नावे निघतो, तो भरला जातो किंवा पुढच्या लोक अदालतीच्या तडजोडीची वाट पाहत पडून राहतो, आणि चालकाचा परवाना धुतल्या तांदळासारखा स्वच्छ राहतो. दुसऱ्यांदा केलेल्या गुन्ह्यास अधिक दंड हे तत्त्व कायद्यात आहे. सर्वसाधारण गुन्ह्यास पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपये, असे २०१९ च्या दुरुस्तीने ठरले. पण ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द गाडीला लागू होत नाही, माणसाला होतो. माणसाची वहीच नसेल तर पहिली वेळ कोणती आणि दुसरी कोणती हे ठरवावयाचे कोणी?

या पार्श्वभूमीवर २०१९ ची हालचाल पाहावी. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून दुरुस्त कायद्याचे जबर दंड लागू झाले. आपल्या राज्याने ते बराच काळ बाजूला ठेवून डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित दंड अंमलात आणले. कायदा लागू झाला त्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने वाहतुकीचे गुन्हे आणि विम्याचा हप्ता यांची सांगड घालण्यासाठी एक कार्यगट नेमला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. विम्याच्या हप्त्यात ‘वाहतूक उल्लंघन हप्ता’ असा एक नवा भाग घालावा, प्रत्येक गुन्ह्यास गुण द्यावेत, मद्यपान करून गाडी चालविल्यास १०० तर चुकीच्या जागी गाडी उभी केल्यास १०, आणि या गुणांच्या बेरजेवर जादा रक्कम घ्यावी, अशी ती योजना होती. दिल्लीत आधी प्रयोग करून पाहावा असेही सुचविले होते. गुन्ह्यांची प्रतवारी लावण्याची कल्पना चांगली होती. पण हा जादा हप्ता भरावयाचा होता नोंदणीकृत मालकाने, गाडी कोणीही चालवीत असो. गाडी विकली की नव्या मालकाचा हिशेब हस्तांतराच्या दिवसापासून नव्याने सुरू व्हावयाचा होता. म्हणजे पुन्हा वही गाडीचीच. गुणांचा बोजा झाला तर गाडी विकून दुसरी घ्यावी, आणि चालक आपला जसाच्या तसा! त्या शिफारशी देशभर लागू झाल्या नाहीत, ही गोष्ट एका अर्थी बरीच झाली म्हणावयाची.

विम्यात माणसाच्या वागणुकीची दखल मुळीच घेतली जात नाही असे मात्र नाही. ‘नो क्लेम बोनस’ हा प्रकार मोटारधारकांना परिचित आहे. वर्षभरात दावा केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर २० टक्के सूट मिळते. ती क्रमाने २५, ३५, ४५ अशी वाढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जाते. विशेष म्हणजे ही सूट गाडीला चिकटलेली नसते. ती विमेदाराची असते, आणि जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो ती बरोबर नेऊ शकतो. माणसाची वही ठेवणे विमा व्यवसायाला अशक्य नाही, याचा हा पुरावाच होय. पण ही वही दाव्यांची आहे, वर्तनाची नाही. पाच वर्षे भरधाव जाऊन नशिबाने कोठे न आदळलेल्या गृहस्थाला पूर्ण ५० टक्के सूट मिळते. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत नीट उभ्या केलेल्या मोटारीला कोणी ओरखडा काढून गेला, म्हणून दावा करणारा कारकून ती गमावतो. ज्याने चूक केलीच नाही त्याची सूट जाते, आणि ज्याने रोज केली त्याची वाढत राहते.

सर्वसामान्य वाहनधारकास जी गोष्ट फार उशिरा कळते ती येथे सांगितली पाहिजे. हप्ता घेताना तुमच्या गुन्ह्याविषयी कोणी विचारीत नाही. दावा करताना सर्व विचारतात. मद्यपान केले होते काय, चालकाकडे त्या प्रकारच्या गाडीचा परवाना होता काय, गाडीत माणसे किती होती, गाडी कोणत्या कामासाठी नेली होती? मद्याच्या अंमलाखाली चालविलेल्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमापत्राच्या अटींनुसार नाकारला जातो. जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाच्या बाबतीत न्यायालयांनी अधिक करुणा दाखविली आहे. चालकाचा परवाना सदोष असला तरी विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात प्रशस्त केला. पण मालकाकडून वसूल करावी या शब्दांचा अर्थ ज्याच्या दारात वसुलीची नोटीस येते त्यालाच कळतो. ७१४ रुपये भरून आपण निश्चिंत झालो असे समजणाऱ्या माणसाच्या घरावर आणि जमिनीवर काही लाखांचा हुकूमनामा येऊ शकतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वर्षातून पाच महिने रस्त्यावर उघड दिसतो. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन दोन ट्रॉल्या जोडून, रात्रंदिवस कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला, मागे तांबडा दिवा नाही, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली किंवा मुळातच नाही, आणि दोन ट्रॉल्यांच्या मधले अंतर अंधारात रिकाम्या रस्त्यासारखे दिसणारे. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून गावी परतणारा कामगार मागून येऊन त्यावर आदळतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळी येतात. कॅमेरा क्रमांकाच्या पाटीवरून गुन्हा टिपतो असे वर म्हटले. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे क्रमांकच दिसत नाही. मग नोंद कसली आणि गुण कसले?

पुढे प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाते. तेथे ट्रॅक्टरचा विमा होता पण ट्रॉलीचा नव्हता, विमा शेतीकामाचा होता आणि वाहतूक भाड्याची चालली होती, असे बचाव विमा कंपन्या घेत आल्या आहेत. कंपनीला त्यासाठी सर्वस्वी दोष देता येत नाही. ज्या जोखमीचा हप्ता घेतला नाही ती जोखीम तिने का उचलावी, असे ती विचारते. पण मृताच्या विधवेला या वादातले काय कळावे? तिच्या दृष्टीने एक मोठे वाहन होते, त्याला दिवा नव्हता, आणि माणूस गेला. परावर्तक पट्टीचा खर्च भरपाईच्या रकमेपुढे नगण्य असतो. ती पट्टी लावून घेतल्यावाचून कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉली घ्यावयाची नाही, एवढे ठरले तरी हप्त्याच्या गुणाकारापेक्षा अधिक जीव वाचतील, असे म्हणण्यास हरकत नाही.

वडापचेही तसेच आहे. बसायला सहा जणांची जागा आणि आत बारा जण, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात गुन्हा आहे हेच कोणाला आठवत नाही. पण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंजना श्याम प्रकरणात स्पष्ट केले की, जितक्या प्रवाशांचा विमा उतरविला असेल तितक्यापुरतेच विमा कंपनीचे दायित्व राहते. जादा प्रवासी बसविण्याचा गुन्हा परवान्यावर नोंदला जात नाही, हप्त्यातही दिसत नाही; तो अपघातानंतर जखमींच्या वाट्यात दिसतो. या निकालांवरच्या अपिलांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांच्या दावेदारांची ती पायपीट संपली. ही समाधानाची गोष्ट खरी, पण न्यायालय जवळ आले म्हणून विमापत्रातली त्रुटी भरून निघत नाही.

परदेशात गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात तेव्हा तिकडच्या रस्त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी सांगतात. त्या शिस्तीच्या मागे सद्गुणांपेक्षा वही अधिक आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जेथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, तीन वर्षांत सहा गुण झाले तर राज्याकडून १५० डॉलरचा वार्षिक अधिभार लागतो, पुढच्या प्रत्येक गुणास २५ डॉलर, आणि विमा कंपनी चालकाची नोंद पाहून आपला हप्ता वेगळा वाढविते तो निराळा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा गुण झाले की सामान्यतः सहा महिने परवाना जातो. नवशिक्याचा पहिल्या दोन वर्षांत सहा गुणांवरच रद्द होतो. तेथेही परवान्याच्या जोडीला शेऱ्यांचा एक कागद असे. तो २०१५ मध्ये बंद झाला, पण शेरे मात्र स्वान्सी येथील केंद्रीय दप्तरात चालकाच्या नावे कायम राहिले. आपल्याकडे पुस्तक गेले आणि त्याबरोबर पानेही गेली.

जर्मनीचे उदाहरण अधिक विचार करण्यासारखे आहे. तेथे फ्लेन्सबुर्ग या गावी सर्व चालकांच्या गुन्ह्यांची मध्यवर्ती नोंदवही आहे, आणि आठ गुण झाले की परवाना काढून घेतला जातो. पण विमा कंपन्यांना ती नोंदवही उघडता येत नाही. विम्याचा दर दावारहित वर्षांवरून ठरतो, आणि गुन्ह्यांचा हिशेब शासन व चालक यांच्यात राहतो. धोकादायक चालकाकडून अधिक पैसे घेऊन त्याला रस्त्यावर राहू द्यावयाचे की त्याला रस्त्यावरूनच दूर करावयाचे, या प्रश्नाचे जर्मनीने दिलेले हे उत्तर आहे. आपणही बव्हंशी तेच द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याची कारणे आपल्या परिस्थितीतच आहेत. देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमाच नाही, ही गोष्ट संसदीय समितीपुढेही आलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीस तीन वर्षांचा सक्तीचा विमा खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. हेतू उत्तम, आणि तो पुष्कळसा सफलही झाला. पण सहाव्या वर्षी आठवण करून देणारे कोणी नसते, आणि विमा संपतो. विना विमा गाडी चालविल्यास पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. दंड हप्त्यापेक्षा कितीतरी अधिक असूनही माणसे हप्ता भरीत नाहीत, कारण पकडले जाण्याची शक्यता त्यांना कमी वाटते. अशा वेळी सक्तीच्या विम्यावर गुन्ह्यांचा अधिभार चढविला तर पहिला परिणाम कोणता होईल? ज्याच्या नावे गुन्हे अधिक तोच सर्वांत आधी विमा सोडून देईल. म्हणजे ज्याच्या हातून अपघात होण्याचा संभव सर्वांत मोठा, त्याच्याच गाडीला विमा नाही! सक्तीचा विमा हा चालकाच्या सोयीसाठी नाही, रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. चालकाला अद्दल घडविण्यासाठी त्या परक्याचे कवच पातळ करणे हा कोणता न्याय?

शिवाय नव्या दुचाकीचे पाच वर्षांचे पैसे आधीच भरलेले असतात. पहिल्याच वर्षी कोणी दहा गुन्हे केले, तरी त्याचा वाढीव हप्ता सहाव्या वर्षी यावयाचा. तोपर्यंत तो तरुण तरुण राहिलेला नसतो आणि गाडी बहुधा दुसऱ्याकडे गेलेली असते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे तसे नाही. तो ऐच्छिक आहे, २००७ पासून त्याचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना आहे, आणि जुलै २०२२ मध्ये नियामकाने गाडी किती चालविता व कशी चालविता यावर हप्ता ठरविण्याची मुभाही दिली. तेथे गुन्ह्यांच्या नोंदीवरून दर कमीअधिक झाला तर कोणा तिसऱ्याचे नुकसान नाही. सावधपणे चालविणाऱ्याला तेथे अवश्य सवलत मिळावी. ओरखड्याच्या एका दाव्यापेक्षा तीन वर्षांचा स्वच्छ परवाना हा चालकाच्या गुणवत्तेचा कितीतरी चांगला पुरावा आहे.

बाकीचे काम परवान्याने करावे. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही फारशी गरज नाही. भरधाव वेग, तांबडा दिवा ओलांडणे, मद्यपान, चालविताना मोबाईलवर बोलणे अशा गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीने २०१५ मध्येच राज्यांना दिली होती. हेल्मेट न घातल्यास १००० रुपये दंडाबरोबर तीन महिने परवान्यास अपात्रता, असे कायद्याच्या कलम १९४ ‘ड’ मध्ये लिहिलेले आहे. दंडाची वसुली होते तितक्या तत्परतेने या अपात्रतेची होत नाही, कारण दंडाने तिजोरीत भर पडते आणि अपात्रतेने केवळ कामात. सक्तीचा विमा महाग झाला तर पैसेवाल्याला तो खुपत नाही. परवाना तीन महिने गेला तर मात्र त्यालाही रिक्षानेच यावे लागते.

मात्र चालकाच्या नावे वही उघडावयाची तर ती न्यायाने ठेवली पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत द्यावी, असा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये झाला आहे. तो काटेकोर पाळला जावा. सूचना मिळाल्यावर गाडी त्या वेळी कोण चालवीत होते हे सांगण्याची मालकावर जबाबदारी असावी, आणि आपण तेथे नव्हतोच असे म्हणणाऱ्यास मुंबईस न धावता येथल्या येथे हरकत घेता यावी. वर सांगितलेली तीन वर्षांनी शेरा पुसण्याची तरतूद कार्डाच्या युगातही जिवंत ठेवावी. परवाना हे ज्यांच्या पोटाचे साधन आहे त्या रिक्षाचालकांचा आणि ट्रकचालकांचा विचार करता या गोष्टी अत्यावश्यक आहेत. चुकीच्या चलनामुळे ५०० रुपये गेले तर माणूस हळहळतो. चुकीच्या चलनामुळे परवाना गेला तर त्याच्या घरची चूल थंडावते.

आणि एक गोष्ट शिक्षकांना सांगावीशी वाटते. शिकवण्यांच्या वेळी रंकाळ्याच्या बाजूने किंवा राजारामपुरीतून जे विद्यार्थी तिघे तिघे मिळून दुचाकीवरून धावतात, त्यांतल्या अनेकांचे परवान्याचे वय झालेले नसते. त्यांच्या नावे शेरा पडण्याचा प्रश्नच नाही, कारण शेरा पडावयास परवाना हवा! २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ ‘अ’ आले. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. बारावीतल्या मुलाला पंचविसावे वर्ष फार दूरचे वाटते. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी दुचाकी असूनही ती चालविण्याचा अधिकार नाही, ही स्थिती पालकसभेत दोन मिनिटे समजावून सांगितली, तर दारातल्या गाडीची किल्ली काही घरांत तरी खुंटीवर राहील.